जीपचं पाणी जातं कुठे?

रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालेली जुनी जीप हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा इथवर सहसा तक्रार करत नाही. रस्ता चढतो-उतरतो, पण वेग असतो आणि वेगाबरोबर रेडिएटरच्या जाळीतून वारा खेळत असतो. आंबा घाट लागला की गणित बदलतं. गाडी दुसऱ्या गिअरवर येते, वेग विसावर उतरतो, इंजिन मात्र जवळजवळ पूर्ण भार ओढत असतं. त्यात दुपारचा समुद्रवारा पश्चिमेकडचा, म्हणजे बहुतेक चढावर पाठीमागून येणारा. जाळीला समोरून जो थोडाफार वारा मिळायचा, तोही कमी होतो. डिझेल जळून निघणाऱ्या उष्णतेतला साधारण एक तृतीयांश भाग कामी येतो, तेवढाच सायलेन्सरवाटे निघून जातो आणि उरलेला बराचसा भाग पाण्याने उचलून हवेत टाकायचा असतो. घाटात नेमकं हे टाकणंच जमेनासं होतं आणि काटा लाल पट्ट्याकडे सरकतो.

गाडी जशी कारखान्यातून आली तशीच जुनी झालेली असेल, तर तिचे आजार म्हातारपणाचे असतात. होस पाईप कडक होतात, जाळीत गाळ बसतो, वॉटर पंपाचं सील झिजतं. भाग बदलला की आजार जातो. बदल केलेल्या गाडीचं तसं नाही. तिथे प्रत्येक भाग ठणठणीत असतो, कधी तर कोरा करकरीत असतो, आणि तरी पाणी जात राहतं. कारण ते भाग एकमेकांसाठी बनलेले नसतात. गळती दिसते ती सगळ्यांत दुबळ्या जागी. तिचं कारण दुसरीकडेच कुठेतरी असतं. कोकणातल्या निम्म्या जीपमालकांची दमछाक या एका गोष्टीकडे लक्ष न दिल्याने होते, असं माझं मत आहे.

या जीपा आल्या कुठून, हे आधी पाहायला हवं. महिंद्रांनी 1949 साली मुंबईत माझगावला विलीज जीप जोडून बाहेर काढली. पुढे ‘सीजे-3बी’ आली. तिचं बॉनेट उंच, कारण तिच्या हरिकेन इंजिनात हवा घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये गेले आणि इंजिनाची उंची वाढली. हे इंजिन पेट्रोलचं. नंतर फ्रान्सच्या पुझो कंपनीशी करार होऊन एक्सडीपी 4.90 हे डिझेल इंजिन इथे बनू लागलं. नावातच त्याचं माप आहे: चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 90 मिलिमीटर, एकूण 2112 सीसी. त्याच्या जोडीला ट्रॅक्टरच्या घराण्यातून आलेलं 2523 सीसीचं डीआय इंजिनही होतं.

त्या काळात डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं. जून 2010 मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे ऑक्टोबर 2014 मध्ये. तोवर दरातली ही दरी मोठी होती आणि वडाप करणाऱ्याला, आंब्याच्या पेट्या वाहणाऱ्याला, कलमांच्या बागेत फवारणीचं पाणी नेणाऱ्याला पेट्रोल इंजिन पोसणं परवडत नव्हतं. मग जुनी पेट्रोल जीप घ्यायची आणि तिच्यात पुझो किंवा डीआय बसवायचं, हा धंदाच झाला. चासी मजबूत, गिअर बॉक्सला अडॅप्टर प्लेट, इंजिन माऊंटिंग वेल्डिंग करून सरकवलेली. रेडिएटर मात्र तोच, पेट्रोल इंजिनाचा.

इथे एक गोष्ट गॅरेजांत फारशी बोलली जात नाही. पुझोच्या या इंजिनात डिझेल आधी हेडमधल्या एका छोट्या पोकळीत पेटतं आणि मग सिलिंडरमध्ये येतं. त्यामुळे इंजिन गुळगुळीत चालतं, धडधड कमी होते. पण त्या पोकळीच्या भिंतींतून जास्त उष्णता हेडमध्ये आणि तिथून पाण्यात उतरते. डीआयमध्ये डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर पडतं, म्हणून ते आवाज जास्त करतं आणि पाण्यात उष्णता तुलनेने कमी टाकतं. तेव्हा एकाच रेडिएटरवर डीआय घाट चढून जातं आणि पुझो तापतं, यात पुझोचा दोष नाही. त्याला मोठी जाळी हवी होती, ती कोणी दिली नाही.

परिचयातल्या एकाची अशीच पुझो बसवलेली उंच बॉनेटची जीप गेल्या उन्हाळ्यात सतत पाणी खात होती. वरचा होस बदलून झाला, क्लिपा बदलून झाल्या, वॉटर पंप नवा घातला. रेडिएटर दोनदा झाळून आणला, दोन्ही वेळा वेगळ्याच जागी फुटला. शेवटी गाडी एमआयडीसीच्या बाजूला रेडिएटरचं काम करणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे नेली, तेव्हा मीही सोबत होतो. त्यांनी रेडिएटर उतरवला, खालचं तोंड रबरी बुचाने बंद केलं, वरच्या तोंडाला हवेची नळी लावली आणि तो पाण्याच्या हौदात बुडवला. वरच्या टाकीच्या सांध्यातून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. झाळण्याआधी त्यांनी हात पुसले आणि विचारलं, “दादा, झाकण कुठाय याचं?”

झाकण चकचकीत होतं. त्यावर 0.9 असा आकडा होता. म्हणजे 0.9 बार, मेकॅनिकच्या भाषेत तेरा पौंडाचं. “ह्या टाकीला सात पौंड पुरे. तुमी तेरा घातलात, मग ती फुटेल नाय तर काय?” असं म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं.

रेडिएटरचं झाकण म्हणजे दाबाचा व्हॉल्व्ह. आतलं पाणी तापून फुगतं, झाकण ठरावीक दाबापर्यंत त्याला कोंडून ठेवतं आणि दाब वाढला की पाणी उकळायला जास्त तापमान लागतं. उघड्या भांड्यात समुद्रसपाटीला पाणी 100 अंशांवर उकळतं. सात पौंडांच्या झाकणाखाली 111 च्या आसपास आणि पंधरा पौंडांखाली 121 च्या. आंबा गाव सुमारे दोन हजार फुटांवर आहे, तिथे उघडं पाणी 98 अंशांवरच उकळायला लागतं. म्हणून झाकणाचा रबर गेला आणि दाब धरेनासा झाला, की जी गाडी पालीत ठीक असते ती घाटमाथ्यावर उकळते. यावरून लोक तर्क काढतात की जास्त पौंडांचं झाकण म्हणजे जास्त सुरक्षितता. नव्या गाडीला ते खरं आहे, कारण तिचे सांधे, होस आणि पंपाचं सील तेवढ्या दाबासाठीच बनवलेलं असतं. जुन्या पितळी टाकीचा कथील-शिशाचा झाळ तेरा पौंड रोज सोसत नाही. मूळ दोष होता अपुरी जाळी. त्यावर उपाय म्हणून मोठं झाकण आलं आणि त्या झाकणाने गळती जन्माला घातली. मालक सहा महिने गळतीच्या मागे धावत होते.

झाकणात दुसराही एक छोटा व्हॉल्व्ह असतो, उलट्या दिशेचा. गाडी थंड होताना आत पोकळी तयार होते, तेव्हा तो उघडून बाहेरच्या बाटलीतलं पाणी आत ओढतो. सकाळी वरचा होस चपटा झालेला दिसला तर होसला दोष देऊ नका, आधी हा व्हॉल्व्ह पाहा. आणि तापलेल्या गाडीचं झाकण उघडायचं नाही, हे कितीदा सांगितलं तरी कमीच. 110 अंशांचं पाणी दाब सुटताक्षणी वाफ होऊन तोंडावर येतं.

या जीपेत आणखी एक गोष्ट निघाली आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. नव्या वॉटर पंपाच्या आतल्या बाजूला काही महिन्यांतच बारीक खड्डे पडले होते. कारागिरांनी मल्टिमीटर मागवला. काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, लाल तारेचं टोक रेडिएटरच्या तोंडातून नुसतं पाण्यात बुडवलं, कुठल्याही धातूला न टेकवता. हा आकडा 0.1 व्होल्टच्या आत असावा, 0.3 च्या वर गेला तर पाण्यातून वीज वाहते आहे असं समजायचं. दिवे आणि पंखा लावल्यावर आकडा वाढला. स्टार्टर मारल्यावर तर त्याने उडीच घेतली.

कारण साधं होतं. इंजिन रबरी माऊंटिंगवर बसतं, म्हणून त्याच्यापासून चासीपर्यंत तांब्याच्या वेणीची जाड अर्थिंगची पट्टी लागते. इंजिन बदलताना जुन्या इंजिनासोबत ती पट्टीही भंगारात गेली होती आणि नवी कोणी लावली नव्हती. विजेला परतीची वाट हवीच. ती तिने ॲक्सिलरेटरच्या केबलमधून आणि रेडिएटरच्या पाण्यातून काढली. असा प्रवाह धातू आतून खातो. तांबं, पितळ, बीड आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात असले की दुबळा धातू आधी जातो. नव्या पट्टीचा खर्च एका झाळकामापेक्षाही कमी आला.

ही चाचणी इंजिन बदललेल्या प्रत्येक गाडीवर पहिल्याच दिवशी व्हायला हवी. हल्ली अनेकजण पितळी रेडिएटर काढून ॲल्युमिनियमचा घालतात. तो हलका असतो, उष्णता चांगली टाकतो, पण अर्थिंग नीट नसेल आणि पाणी विहिरीचं असेल तर त्याची जाळी आतून सच्छिद्र होते, आणि तिला झाळताही येत नाही.

पाण्याचं म्हणाल तर “आपल्याकडे पाणी कुठे गोठतं, मग कुलंट कशाला?” हा प्रश्न कोकणात हमखास ऐकू येतो. गोठण्याचा प्रश्न नाहीच. कुलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात, ती इथे हवी आहेत. मिरकरवाड्यासारख्या किनाऱ्यालगतच्या वस्तीत विहिरी मचूळ होतात. त्यातलं क्लोराईड धातूला कुरतडतं. आतल्या जांभ्याच्या पट्ट्यातलं पाणी चवीला गोड, पण बऱ्याच ठिकाणी किंचित आम्लधर्मी. दोन्ही इंजिनाला योग्य नाहीत. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणि कुलंट निम्मं-निम्मं, हे मिश्रण उघड्यावरही 107 अंशांच्या आसपास उकळतं. हिरवं आणि नारिंगी कुलंट सहसा वेगवेगळ्या रसायनांवर चालतं. एकात एक ओतलं तर जाळीत चिकट गाळ धरू शकतो. आणि जुनं कुलंट गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. मुलांच्या हाती बाटली लागू देऊ नये.

हळदीचाही उल्लेख करायला हवा. रेडिएटर गळायला लागला की चमचाभर हळद टाकायची, हे ट्रकवाल्यांचं जुनं शहाणपण आहे आणि ते खोटं नाही. हळदीचे कण फुगून बारीक छिद्रात अडकतात, कडेने वाळतात आणि गळती थांबते. घाटात रात्र पडली असेल तर जरूर टाकावी. पण हळदीला गळतीचं छिद्र आणि जाळीची नळी यातला फरक कळत नाही. घरी पोचल्यावर सगळं पाणी काढून आतून धुतलं नाही, तर आधीच अपुरी असलेली जाळी आणखी अपुरी होते. बाहेरून एम-सील लावणं त्या मानाने निरुपद्रवी, पण तेही गावापर्यंत पोचण्यापुरतंच.

याहून जास्त नुकसान थर्मोस्टॅट काढून टाकल्याने होतं. गाडी तापते म्हटलं की “थर्मोस्टॅट काढा” हा सल्ला जागोजाग मिळतो. त्यातला मेणाचा गोळा 80-82 अंशांच्या सुमारास वितळून झडप उघडतो. अनेक इंजिनांत तीच झडप रेडिएटर टाळून जाणारी छोटी वाट बंदही करते. थर्मोस्टॅट काढला की ती वाट कायम उघडी राहते, काही पाणी रेडिएटरकडे न जाता तिथेच फिरत बसतं आणि घाटात गाडी उलट जास्त तापते. सपाटीला मात्र इंजिन थंड राहतं, डिझेल पूर्ण जळत नाही, सिलिंडर झिजतात. थर्मोस्टॅट घरीच तपासता येतो: पातेल्यात पाणी तापवायचं, दोऱ्याने तो आत सोडायचा आणि उघडतो का ते पाहायचं.

पाणी बाहेर कुठे दिसत नसेल आणि तरी कमी होत असेल, तर हेड पॅकिंगचा संशय घ्यावा. थंड गाडी सुरू करून अर्ध्या मिनिटात वरचा होस दगडासारखा कडक झाला, झाकण उघडं ठेवून सुरू केल्यावर बुडबुडे थांबेनात, किंवा ऑईल दुधाळ झालं, तर सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरतोय. त्यावर नुसतं नवं पॅकिंग टाकून भागत नाही. हेड वाकलंय का ते पट्टी ठेवून मोजायचं, गरज असेल तर फेस मारून घ्यायचा, आणि बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, ठरल्या क्रमाने, टॉर्क पान्यानेच आवळायचे. नुसत्या हाताच्या अंदाजाने आवळलेलं हेड पुढच्या घाटात पुन्हा उघडावं लागतं.

कायद्याची बाजूही मालकांनी लक्षात घ्यावी. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मूळ रचनेहून वेगळे बदल करण्यावर बंधन घालतं आणि सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 च्या निकालात ते ठामपणे अधोरेखित केलं. इंजिन बदललं असेल तर आरसी बुकावर त्याची नोंद हवी. 2021 मध्ये 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आले, पण चासी, बॉडी वा इंजिनात मोठे बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. हे मला योग्य वाटतं. मात्र ज्या बदललेल्या जीपा कोकणात वर्षानुवर्षं राबतात, त्यांच्या तपासणीत कूलिंग आणि अर्थिंग पाहिलं गेलं पाहिजे.

त्या जीपेला शेवटी चार ओळींची नवी पितळी जाळी घातली, सात पौंडांचं झाकण आणि अर्थिंगच्या दोन पट्ट्या. पुझो इंजिन मूळ इंजिनापेक्षा मागे बसल्याने पंखा आणि जाळी यांत वीतभर अंतर पडलं होतं. पंखा बॉनेटखालचीच गरम हवा फिरवत होता. पत्र्याचा आडोसा बनवून तो जाळीभोवती बसवला, म्हणजे पंखा ओढतो ती सगळी हवा जाळीतूनच येईल. पाणी भरताना गाडीचं तोंड चढावर ठेवलं, कारण हेडचा वरचा भाग रेडिएटरच्या तोंडापेक्षा उंच आहे आणि तिथे हवा अडकली तर काटा खोटा दिसतो. हळूहळू भरलं, होस हाताने दाबून हवा काढली, इंजिन चालू ठेवून पुन्हा भरलं. मे महिन्यात ती पेट्या भरून आंबा घाट चढली. काटा मधल्या खुणेच्या थोडा वर स्थिरावला. आता डिझेल पंपाचं टायमिंग तपासायचं राहिलंय. ते मागे असलं तरी गाडी तापते आणि काळा धूर ती अजून सोडते आहे.