पायली म्हणजे किती किलो?

जुन्या मापांचा मला नाद आहे हे ओळखीपाळखीत कळल्यापासून एक प्रश्न वर्षातून चार-पाच वेळा तरी दारात येऊन उभा राहतो : पायली म्हणजे किती किलो हो? विचारणाऱ्याच्या हातात कधी आजीची पदार्थांची वही असते, कधी वाटणीचा पिवळा पडलेला कागद, कधी एखाद्या देवस्थानच्या नैवेद्याची यादी. सगळ्यांना एकच आकडा हवा असतो. तो ऐकायचा, गुणाकार करायचा आणि वही मिटायची. मी त्यांना आधी बसवून घेतो, चहा सांगतो आणि उलट विचारतो, "कशाची पायली? कुठली? आणि कुणाची?"

पहिल्या दोन प्रश्नांवर मंडळी मान डोलावतात. तिसऱ्यावर चमकतात. पण जुन्या मापांचे सगळे मर्म त्या तिसऱ्या प्रश्नात आहे.

कोष्टक तसे साधे. आज सत्तरी ओलांडलेल्या पुष्कळांनी ते शाळेत घोकलेले असेल. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. पुढे बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. दशमान पद्धतीची सवय झालेल्यांना हा दोन-दोनचा पसारा गावंढळ वाटतो. मला तो फार शहाणा वाटतो. दहा भाग नुसत्या नजरेने करता येत नाहीत. दोन करता येतात. सारखी दोन भांडी घ्या, एकातले दुसऱ्यात ओता, दोन्हींची पातळी जुळली की झाले. अक्षरओळख नसलेली बाईसुद्धा दुकानदाराचे मापटे आपल्या घरच्या चिपट्याने तपासू शकत असे. तराजू नको, वजने नकोत.

शेरापर्यंत गाडी अशी सरळ चालते. त्यापुढे गावागणिक फाटे फुटतात. कुठे बाराऐवजी सोळा पायल्यांचा मण. गोवा-कोकणाकडे गेलात तर खंडी वीस कुडवांची. हा कुडव मोठा बेरकी शब्द आहे; त्याची गंमत पुढे येईलच. मणाचीही तीच तऱ्हा. चाळीस शेरांचा मण हा वजनाचा आणि बारा पायल्यांचा, म्हणजे अठ्ठेचाळीस शेरांचा मण हा मापाचा. शब्द एक, वस्तू दोन! वजनाचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅमचा. मापाचा शेर हे भांडे. त्यात जे भराल त्याप्रमाणे त्याचे वजन बदलणार. एक लिटरच्या भांड्यात सडलेले तांदूळ ८०० ग्रॅमच्या आसपास बसतात, तेच भात भरले तर ६०० ग्रॅमसुद्धा भरत नाही, आणि लाह्यांचे तर बोलायलाच नको. म्हणून माझा पहिला प्रश्न : कशाची पायली? जुन्या कागदांत मापाच्या धान्यापुढे 'कैली' असा शब्द आढळतो. तो दिसला की समजावे, हे तोललेले नाही, मापलेले आहे. किलोत रूपांतर करणाऱ्यांच्या नजरेतून नेमका हाच शब्द निसटतो.

आजीच्या वहीचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटतो. भाजणीत चार मापे तांदूळ, दोन मापे हरभऱ्याची डाळ आणि एक माप उडदाची डाळ लिहिली असेल, तर ते माप शेराचे की चिपट्याचे याने चकलीला काही फरक पडत नाही. घरातली कुठलीही वाटी घ्या, फक्त शेवटपर्यंत तीच ठेवा. किलोत मांडायला गेलात की प्रत्येक धान्याचा हिशेब वेगळा करावा लागेल आणि चकली बिघडली तर दोष आजीला!

आता शीग. माप काठोकाठ भरल्यावर त्याच्या वर धान्याचा जो शंकू उभा राहतो ती शीग. हात फिरवून ती काढली तर माप सपाट. राहू दिली तर शिगोशीग. या शिगेत किती धान्य मावते, हे मी एकदा कागदावर मांडून पाहिले. समजा, सपाट भरल्यावर बरोबर चार लिटर मावणाऱ्या दोन पायल्या आहेत. एक उभट, तिचे तोंड सोळा सेंटिमीटरचे. दुसरी पसरट, तोंड वीस सेंटिमीटरचे. पाणी ओतून पाहिले तर दोन्ही सारख्या. पण हरभरा शिगेने भरा. उभट पायलीवर सुमारे ३४० मिलिलिटरची शीग राहते, पसरट पायलीवर ६६० ची. तोंड थोडेसे रुंदावले आणि शीग जवळजवळ दुप्पट झाली, कारण ती रुंदीच्या घनाने वाढते. खंडीच्या २४० पायल्या मोजेपर्यंत हा फरक ७७ लिटरवर जातो. म्हणजे एकोणीस पायल्या हरभरा! आणि यात लबाडी कुठेच नाही. माप खरे, मोजणी खरी, लोकांच्या देखत झालेली.

शिगेची उंची मी कुठून आणली? भास्कराचार्यांकडून. ११५० साली लिहिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'तल्या 'लीलावती'त राशीचे एक प्रकरण आहे. खळ्यात पडलेली धान्याची रास न मोजता तिचे माप कसे काढायचे, त्याची ही रीत. जाड दाण्याच्या राशीची उंची तिच्या घेराच्या दहाव्या हिश्शाइतकी, बारीक दाण्याच्या राशीची अकराव्या आणि कुसळाच्या धान्याची नवव्या हिश्शाइतकी धरावी. घेराचा सहावा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि उंचीने गुणायचे. साठ हात घेराची जाड धान्याची रास असेल तर उंची सहा हात, दहाचा वर्ग शंभर, सहाने गुणून सहाशे. एक हात लांब, रुंद आणि उंच अशा पेटीत मावते ती एक खारी. म्हणजे सहाशे खाऱ्या. हाताशी फक्त दोरी हवी. रास भिंतीला टेकून पडली असेल किंवा कोपऱ्यात असेल तर काय करायचे, तेही त्यांनी सांगून ठेवले आहे. या रीतीने उत्तर जवळपास पाच टक्के जास्त येते. ज्या माणसाने परिघ आणि व्यासाचे याहून कितीतरी सूक्ष्म गुणोत्तर त्याच ग्रंथात दिले आहे, त्याला हे ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? खळ्यावर उन्हात उभ्या असलेल्या माणसाला तोंडी करता येईल असा हिशेब त्यांनी दिला.

त्या खारीचे सोळा भाग केले की द्रोण, द्रोणाचा चौथा भाग आढक, आढकाचा चौथा प्रस्थ आणि प्रस्थाचा चौथा कुडव. हात ४५ सेंटिमीटरचा धरला तर खारी ९१ लिटरची आणि कुडव जेमतेम ९० मिलिलिटरचा, चहाच्या लहान कपाएवढा. आणि गोव्याचा कुडव खंडीचा विसावा हिस्सा, म्हणजे कित्येक लिटरचा! नाव तेच राहिले, भांडे मात्र काळाबरोबर फुगत गेले. म्हणून दुसरा प्रश्न : कुठली?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही भास्कराचार्यांच्याच अंगणात सापडते. चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ सालचा एक शिलालेख आहे. आचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या राजांनी त्याला उत्पन्न लावून दिले. लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे आणि तो बाजाराचा आहे. बाजारात येणाऱ्या मालावरचा कर मठाला, तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल मठाला. आणि पुढे असे की, इथे जे मापायचे ते मठाच्याच मापाने मापावे. मापण्याबद्दल जे मिळेल त्यातले निम्मे मठाचे आणि निम्मे मापाऱ्याचे.

मला हे वाचून दोन दिवस दुसरे काही सुचले नव्हते. आकाशातल्या ग्रहांचे गणित शिकवणारी शाळा चालायची कशावर, तर गावच्या मापाच्या मालकीवर. माप ताब्यात असणे हे जमीन किंवा विहीर ताब्यात असण्याइतकेच मोठे उत्पन्न होते. एरवी ते कुणीही दान दिले नसते.

हाच ताबा मठाऐवजी सावकाराकडे असला की काय होते ते पाहा. पेरणीच्या वेळी शेतकऱ्याने वीस पायल्या हरभरा दिढीने उचलला. देताना सावकाराने हात फिरवून सपाट माप दिले : ऐंशी लिटर. सुगीत फेडताना तीस पायल्या, पण शिगेच्या आणि त्या पसरट पायलीच्या : एकशे चाळीस लिटर. वहीत लिहिले दीडपट, पोत्यातून गेले पावणेदोनपट. वही तपासायला कितीही मोठा पंडित आणा, तिच्यात चूक सापडणार नाही. खंड, बलुत्यांचा वाटा, देवाचा वाटा, सगळेच खळ्यावर मापाने जात होते. मापारी पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचा आणि मग दोन, तीन असे पुढे मोजायचा. लाभ कुणाचा, हे माप कुणाच्या घरातून आले त्यावर ठरत असे. 'मापात पाप' ही म्हण उगीच नाही पडलेली.

जुने ते सोने म्हणणाऱ्यांचे आणि माझे म्हणूनच इथे जमत नाही. १९५६ चा वजन-मापांचा कायदा झाला, ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने येऊ लागली आणि १९६२ च्या एप्रिलपासून जुनी वजने व्यापारातून कायद्याने हद्दपार झाली. त्या वेळी पुष्कळांनी नाके मुरडली. पण धान्य तराजूवर गेले आणि शीग संपली. तराजूतही काटा मारता येतो, हे मान्य. पण तो मारला तर ती चोरी ठरते आणि पकडता येते. शीग ही चोरी नव्हतीच. ती रीत होती.

भाषेने मात्र जुनी मापे सोडली नाहीत. मंडईत आपण अजून 'पावशेर भेंडी' मागतो आणि भाजीवाला २५० ग्रॅम तोलतो. खरा पावशेर २३३ ग्रॅमचा, म्हणजे इथे मापाची चूक चक्क आपल्या फायद्याची! शेराला सव्वाशेर अजून भेटतो, पायलीला पन्नास अजून मिळतात, नवी सून माप ओलांडूनच घरात येते. बाजार समित्यांत माल तोलला जातो, पण कामगारांची नावे घेताना आपण हमाल-मापाडीच म्हणतो.

घरात एखादे जुने माप असेल तर मोडीत घालू नका. बहुतेकांना वाटते त्यापेक्षा त्याचे गणित सोपे आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रिकामे माप ठेवा, मग काठापर्यंत पाणी भरा. पाण्याचे वजन जितके किलो तितके लिटर ते माप. नंतर ते कोरडे करून आपल्याकडचा तांदूळ सपाट भरून तोला आणि शेवटी शिगेने भरून तोला. तीन आकडे येतील. आमच्या शेरात पाणी एक लिटर आणि वर अर्धी वाटी मावले. शेजारच्या घरचा शेर, त्याच गावातून आलेला, आमच्यापेक्षा पळीभर मोठा निघाला. त्यांच्याकडे पूर्वी धान्याची देवघेव होती. आम्ही घेणाऱ्यांतले.