हवेने थंड होणारे इंजिन आणि त्याची वाढीव शक्ती

मोटारीचे इंजिन हे उष्णतेचे कार्यात रूपांतर करणारे यंत्र होय. पेट्रोलच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी स्थूलमानाने चतुर्थांशच चाकांपर्यंत पोहोचते. उरलेली ज्वलनवायूंबरोबर आणि सिलिंडरांच्या भिंतींतून निघून जाते. बहुतेक मोटारींत भिंतींतील उष्णता पाणी वाहून नेते. काही इंजिनांत मात्र हे काम हवा करते. त्यासाठी सिलिंडरांभोवती धातूच्या पातळ पट्ट्या असतात व पंखा त्यांवरून वारा फेकतो. फोक्सवागन कंपनीची 'बीटल' ही या जातीची सर्वांत प्रसिद्ध मोटार. २००३ साली तिचे उत्पादन थांबले, तोपर्यंत अशा दोन कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या.

विमानातील उदाहरण

बंगळूर शहराचा अशा इंजिनांशी जुना संबंध आहे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने १९४० च्या डिसेंबरात तेथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली तेथेच तयार झालेले 'एचटी-२' हे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. त्याचे 'सिरस मेजर' इंजिन चार सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे, १५५ अश्वशक्तीचे होते. त्याचे आकारमान सव्वासहा लिटरांच्या आसपास होते. म्हणजे दर लिटरमागे सुमारे २५ अश्वशक्ती. १५८४ घ. सें. मी. आकारमानाचे, ५० अश्वशक्तीचे बीटल इंजिन दर लिटरमागे ३१ हून अधिक अश्वशक्ती देते. विमानाचे इंजिन कमी प्रतीचे होते म्हणून हा फरक पडला, असे नव्हे. ते मुद्दाम मंद गतीने फिरविले जाई, कारण आकाशात विश्वासार्हतेला अधिक मोल असते.

शक्ती वाढते कशी?

इंजिनात जितकी हवा शिरेल तितकेच पेट्रोल जळू शकते. यास्तव शक्तिवृद्धीचे मार्ग तीनच आहेत.

पहिला मार्ग आकारमान वाढविण्याचा. वरील इंजिनात दट्ट्याचा व्यास ८५.५ मि.मी. व त्याची धाव ६९ मि.मी. असते. व्यास ८८ मि.मी. केल्यास आकारमान १६७९ घ. सें. मी. होते, म्हणजे शेकडा सहाने वाढते.

दुसरा मार्ग संपीडन वाढविण्याचा. मिश्रण अधिक दाबून पेटविल्यास त्याच पेट्रोलातून अधिक कार्य मिळते. संपीडन गुणोत्तर ७ वरून ८ केल्यास आदर्श चक्राची कार्यक्षमता शेकडा ५४ वरून सुमारे ५६.५ होते. लाभ लहान आहे. उलट मिश्रण आपोआप पेटून इंजिन ठोके देण्याचा धोका वाढतो.

तिसरा मार्ग इंजिनाचा श्वास मोकळा करण्याचा. मोठ्या झडपा, दोन कार्बोरेटर आणि मोकळी निष्कास-नळी यांमुळे अधिक वेगाने फिरतानाही सिलिंडर पुरता भरतो.

उंचीचा प्रश्न

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेची घनता किनाऱ्यापेक्षा सुमारे शेकडा आठ-नऊने कमी असते व इंजिनाची शक्तीही जवळपास त्याच प्रमाणात घटते. ५० अश्वशक्तीचे इंजिन तेथे ४५-४६ अश्वशक्तीच देते. ही तूट आकारमान वाढवून भरून काढता येईल. पण मग उष्णता पूर्वीइतकीच निर्माण होते, आणि पंख्याने फेकलेली हवा मात्र विरळच राहते. पाण्याच्या इंजिनात काही काळ उष्णता साठवून ठेवणारे पाणी असते. येथे तसा आधार नसल्यामुळे सिलिंडरांचे माथे लवकर तापतात.

इंधनाचाही विचार केला पाहिजे. विरळ हवेत कार्बोरेटर हवेच्या मानाने सुमारे शेकडा चार अधिक पेट्रोल देतो. म्हणून बंगळूरात काहीसे बारीक छिद्र योग्य ठरते. तथापि तीच गाडी घाट उतरून मंगळूरला नेली, की दाट हवेत मिश्रणातील पेट्रोल कमी पडते. असे मिश्रण अधिक तापते, ठोके सुरू होतात आणि दट्ट्याचा माथा वितळण्यापर्यंत पाळी येऊ शकते. डोंगरावर निर्दोष चाललेले इंजिन किनाऱ्यावर निकामी होण्याचे एक कारण हेच.

आधी थंडावा, मग शक्ती

जुन्या बीटलमध्ये वंगण-तेल थंड करणारे साधन तिसऱ्या सिलिंडरच्या हवेच्या वाटेतच उभे असे. म्हणून तो सिलिंडर इतरांहून अधिक तापे. १९७१ च्या नमुन्यापासून त्या साधनाला स्वतंत्र वाट दिली गेली. केवळ पंखा जोरात फिरविणे हा स्वस्त उपाय नव्हे. हवा वेगाच्या प्रमाणात वाढते, परंतु पंखा खातो ती शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला तर खर्च आठपट होतो.

म्हणून जाणता कारागीर प्रथम इंजिनाभोवतीचे पत्रे व रबरी पट्ट्या तपासतो, जेणेकरून तापलेली हवा पुन्हा पंख्यात शिरू नये. नंतर तेलाच्या थंडाव्याची व्यवस्था करतो, मिश्रण व ठिणगीची वेळ जुळवितो, आणि मगच दट्ट्यांना हात घालतो. चालकानेही चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन रखडवू नये. खालच्या गिअरमध्ये ते वेगाने फिरले, तर पंखाही वेगाने फिरतो आणि इंजिनाला लागणारा वारा मिळतो.