ॲडव्हाइस : सल्ला की हुकूम?



आमच्या चाळीत तळमजल्यावर एक काका राहतात. गोदीत हमाली करून निवृत्त झालेले. साखरेचा आजार जुना. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती चिघळली, तेव्हा मुलाने त्यांना जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तपासले आणि केसपेपरवर घाईघाईने दोन शब्द लिहिले : 'ॲडव्हाइज्ड ॲडमिशन'. काउंटरवर डिपॉझिटचा आकडा ऐकून मुलगा म्हणाला, "आज नेतो, पगार झाला की आणतो." तेव्हा तिथल्या बाईंनी एक छापील इंग्रजी कागद पुढे सरकवला. मुलगा दहावी पास. त्याने कागदावर नजर फिरवली, 'मेडिकल ॲडव्हाइस' हे दोन शब्द ओळखीचे वाटले आणि त्याने सही ठोकली. डॉक्टरांनी घरी जाण्याचा सल्ला दिला असा त्याचा समज झाला. त्या दोन शब्दांच्या आधी 'अगेन्स्ट' असा एक शब्द होता, तो त्याने वाचला पण मनावर घेतला नाही.

'अगेन्स्ट मेडिकल ॲडव्हाइस' म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध. रुग्णाला मी माझ्या जबाबदारीवर नेत आहे, पुढे काही झाले तर दवाखान्याला बोल लावणार नाही, असा त्या कागदाचा अर्थ. पाचव्या दिवशी काकांना सरकारी रुग्णालयात न्यावे लागले आणि तिथे अंगठा काढावा लागला. मुलगा पहिल्या दवाखान्यात भांडायला गेला तर त्यांनी त्याचीच सही त्याच्यासमोर धरली. परत येऊन तो मला म्हणाला, "दादा, पण तो सल्लाच होता ना? सक्ती कुठे केली होती?"

या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी नीट देता आले नाही. तेव्हापासून आमच्या विहारात रविवारी वंदना झाल्यावर मुलांचा जो इंग्रजीचा वर्ग घेतो, त्यात या एका शब्दावर मी बरेच रविवार घालवले. त्यातले कामाचे तेवढे इथे लिहितो.

आपल्या घोटाळ्याचे मूळ मराठीतल्या 'पाहिजे' या शब्दात आहे. "तू अभ्यास केला पाहिजे" आणि "सहा वाजता हजेरी लावली पाहिजे" ही दोन्ही वाक्ये आपण त्याच 'पाहिजे'वर भागवतो. एकात सल्ला आहे, दुसऱ्यात हुकूम, आणि कोणता ते आपण बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ओळखतो. इंग्रजीत यासाठी शब्द वेगळे. 'शुड' म्हणजे केलेस तर बरे. 'ऑट टु' त्याच अर्थाचा, पण त्यात कर्तव्याची छटा. 'मस्ट' म्हणजे केलेच पाहिजे, पर्याय नाही. आणि 'मे' किंवा 'माइट' असेल तर तुमच्या मर्जीवर. छापील फॉर्म हातात आला की आधी हे चार शब्द शोधून त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढा, असे मी मुलांना सांगतो. बाकीचा मजकूर मग निम्मा सोपा होतो.

'हॅड बेटर' मात्र फसवा आहे. त्यात 'बेटर' दिसते म्हणून आपल्याला तो गोड वाटतो. "यू हॅड बेटर गो" म्हणजे "तू गेलास तर बरं" एवढेच नव्हे, "नाही गेलास तर बघ" हेही त्यात आले. बरोबरीच्या मित्राला म्हणावे, साहेबाला किंवा वडीलधाऱ्या माणसाला कधी म्हणू नये. वर्गातल्या एका मुलीने नोकरीच्या मुलाखतीत हे वाक्य वापरले आणि समोरच्या गृहस्थांच्या कपाळावर आठी आली. तिला वाटले आपला उच्चार चुकला!

आता मूळ शब्द. 'ॲडव्हाइस' हे नाम आणि 'ॲडव्हाइज' हे क्रियापद. नामाच्या स्पेलिंगमध्ये शेवटून दुसरे अक्षर 'सी', क्रियापदात 'एस'. उच्चाराला आपली लिपी मदतीला येते : नामाच्या शेवटी स्वच्छ 'स', क्रियापदाच्या शेवटी 'जमीन' मधल्यासारखा 'ज'. आमच्या कचेरीत वीस-वीस वर्षे नोकरी झालेले लोकही हे दोन शब्द एकमेकांच्या जागी लिहितात. मीही लिहीत असे.

नामाचे अनेकवचन सहसा होत नाही. 'मेनी ॲडव्हायसेस' म्हणू नये, 'सम ॲडव्हाइस' म्हणावे. एकच सल्ला सांगायचा तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस', भाकरीचा तुकडा मोडून द्यावा तसा. पण बँकेत गेलात की हाच नियम उलटतो. तिथे 'क्रेडिट ॲडव्हाइस' म्हणजे खात्यात पैसे जमा झाल्याची कळवणी आणि 'डेबिट ॲडव्हाइस' म्हणजे कापल्याची. त्यात सल्ला-बिल्ला काही नसतो, आणि त्या मोजता येतात म्हणून तिथे 'ॲडव्हायसेस' चालते. बी.कॉम.ला असताना हे वाचून मी चक्रावलो होतो. बँक खातेदाराला पैसे कसे खर्च करावेत ते सांगते की काय, असे वाटले होते.

कचेरीच्या पत्रात हा शब्द आणखी कडक होतो. आमच्या एका शिपाईबंधूंना पत्र आले, "यू आर ॲडव्हाइज्ड टु सबमिट युअर एक्स्प्लनेशन विदिन सेव्हन डेज." सल्ला दिलाय, बघू सवडीने, म्हणून त्यांनी ते खिशात ठेवले. आठव्या दिवशी दुसरे पत्र आले ते बिनपगारी रजेचे. सरकारी आणि कंपनीच्या पत्रात वरच्याने खालच्याला 'ॲडव्हाइज्ड' लिहिले की तो हुकूमच समजावा. डॉक्टरांच्या केसपेपरवरही तसेच. 'ॲडव्हाइज्ड ॲडमिशन' म्हणजे दाखल झालेच पाहिजे, असे माझे मत आहे यापेक्षा मऊ लिहिण्याची त्यांची रीत. चाळीतल्या त्या मुलाच्या प्रश्नाला हे उत्तर होते. ते मला उशिरा सुचले.

बाबासाहेबांच्या चरित्रात या शब्दाची एक जागा आहे. बडोद्याची नोकरी सोडून ते मुंबईला परतले आणि १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. मधल्या काळात त्यांनी शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्याची एक पेढी काढली होती. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस. सुरुवातीला लोक येऊ लागले. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच त्यांनी पाठ फिरवली आणि पेढी बंद पडली. सल्ला चुकीचा होता अशी कुणाची तक्रार नव्हती. पुढे हेच बाबासाहेब राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले, आणि त्या घटनेच्या ७४व्या अनुच्छेदात हा शब्द येतो : मंत्रिमंडळ राष्ट्रपतींना 'एड अँड ॲडव्हाइज' करील, म्हणजे साहाय्य करील आणि सल्ला देईल. १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्या सल्ल्यानुसारच राष्ट्रपतींनी वागायचे हे स्पष्ट लिहिले गेले. नंतर चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली, तेवढीच. देशाच्या राष्ट्रपतींनाही जो सल्ला टाळता येत नाही, त्यालाही इंग्रजीत 'ॲडव्हाइस'च म्हणतात. शब्द मऊ दिसला म्हणून हुरळून जाऊ नये ते यासाठी.

सल्ला मागणे ही तर आपल्या लोकांची खरी अडचण. आपली माणसे साहेबासमोर, डॉक्टरसमोर, वकिलासमोर उभी राहतात आणि "बरं साहेब" म्हणून परत फिरतात. विचारले तर राग येईल ही धास्ती. आणि इंग्रजीत विचारायचे तर चूक होईल ही दुसरी. म्हणून मी वर्गात वाक्ये घोकून घेतो. "आय नीड युअर ॲडव्हाइस अबाउट माय सन्स ॲडमिशन," मुलाच्या प्रवेशाबद्दल मला आपला सल्ला हवा आहे. "व्हॉट डू यू थिंक आय शुड डू?" मी काय करावे असे आपल्याला वाटते? आणि सगळ्यात उपयोगी, "व्हॉट वुड यू डू इन माय प्लेस?" माझ्या जागी आपण असता तर काय केले असते? या प्रश्नाला टोलवाटोलवी करणे फार कठीण जाते. "प्लीज सजेस्ट मी" असे मात्र म्हणू नये. ते इंग्रजीत चूक आहे. 'सजेस्ट समथिंग' म्हणावे.

द्यायची वेळ आली तर "इफ आय वेअर यू" ने सुरुवात करावी. 'मी' असूनही इथे 'वॉज'ऐवजी 'वेअर' शुद्ध मानतात, कारण ते कल्पनेतले वाक्य आहे. मराठीत आपण "असं कर" म्हणून मोकळे होतो आणि ऐकणाऱ्याला त्यात माया दिसते. इंग्रजीत "डू धिस" म्हटले तर उद्धटपणा वाटतो.

'ओपिनियन' म्हणजे मत. एका डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले आणि दुसऱ्याला दाखवायचे असेल तर 'सेकंड ओपिनियन' म्हणायचे. ते मागणे हा डॉक्टरांचा अपमान नाही, रुग्णाचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो आहे. आपले आजार आणि उपचार समजेल अशा भाषेत सांगून घेण्याचा हक्कही त्यात आहे. भगवान बुद्धांनी कालामांना जे सांगितले ते आपण वंदनेला बसतो तेव्हा ऐकतो : केवळ सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, पारखून घ्या. दवाखान्याच्या काउंटरवर तेच आठवावे. पालीत उपदेशाला 'ओवाद' म्हणतात, आणि सिगालोवाद सुत्तात हिताचे सांगणारा मित्र हा चार खऱ्या मित्रांपैकी एक मानला आहे.

'लीगल ॲडव्हाइस' म्हणजे कायद्याचा सल्ला. यासाठी पैसे नाहीत म्हणून आपली माणसे गप्प बसतात. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात 'विधी सेवा' या शब्दाच्या व्याख्येतच सल्ला देणे धरले आहे, आणि अनुसूचित जातीची व्यक्ती, स्त्री, मूल, औद्योगिक कामगार यांना ती मोफत मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १९९० पासून बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या लोकांनाही केंद्र सरकार अनुसूचित जातीत धरते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात या प्राधिकरणाचे कार्यालय असते. १५१०० हा त्यांचा फोन क्रमांक. तिथे मराठीत बोलले तरी चालते. पतपेढीच्या किंवा बँकेच्या काही जामीनपत्रांत आपण स्वतंत्र 'लीगल ॲडव्हाइस' घेतला आहे असे एक वाक्य छापलेले असते. घेतला नसेल तर त्याखाली सही का करायची?

कधी सही करणे टळतच नाही. तेव्हा काउंटरवरच्या माणसाला शांतपणे म्हणावे, "हे मराठीत वाचून दाखवा." कागदाची प्रत मागून घ्यावी, तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने घालावी. पैशाअभावी रुग्णाला घरी न्यावे लागत असेल तर कारणाच्या रकान्यात तेच लिहावे, मराठीत लिहिले तरी चालेल. रकाना कोरा ठेवू नये.

काकांचा मुलगा आता रविवारी वर्गाला येतो, सगळ्यात मागे बसतो. गेल्या महिन्यात त्याने बहिणीच्या प्रवेशाचा फॉर्म आणला होता आणि 'शुड'खाली व 'मस्ट'खाली पेन्सिलीने रेघा आधीच ओढलेल्या होत्या. ज्यांच्या घरी न कळलेला असा एखादा कागद पडून असेल, त्यांनी आपापल्या विहारातल्या शिकलेल्या मुला-मुलींना दाखवावा. नेताना झेरॉक्स न्यावी, मूळ प्रत घरीच ठेवावी.