गाईच्या गळ्यातला पट्टा काय काय सांगतो? 🐄

निरोगी दुभती गाय दिवसातून साधारण 7 ते 9 तास रवंथ करते. हे तास अचानक घटले, तर काहीतरी बदललंय हे नक्की! पण दिवसरात्र गाईकडे बघत कोण बसणार? हे काम आता सेन्सर करतो.

इस्रायलमधल्या अफिकिम किबुत्झमध्ये (सामूहिक शेतवसाहतीत) 1977 साली सुरू झालेली अफिमिल्क ही या क्षेत्रातली जुनी कंपनी. पायातल्या किंवा गळ्यातल्या पट्ट्यातला सेन्सर गाईची हालचाल टिपतो. सॉफ्टवेअर त्या गाईची आजची नोंद तिच्याच रोजच्या सवयीशी ताडून पाहतं आणि फरक दिसला की मोबाइलवर सूचना देतं.

📌 चालणं वाढलं, रवंथ कमी झाला: गाय माजावर असण्याची शक्यता. मुका माज बरेचदा नजरेतून सुटतो, आणि एक माज हुकला की पुढचा सुमारे 21 दिवसांनी. तेवढ्या दिवसांचा चारा-खुराक अंगावर पडतो.

📌 रवंथ घटला, हालचालही मंदावली: अपचन, ताप किंवा कासदाह असू शकतो. व्यायल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत तर अजिबात दुर्लक्ष नको.

📌 बसणं-उठणं बदललं: खूर आणि पाय तपासा.

लक्षात ठेवा, सेन्सर रोगाचं नाव सांगत नाही, फक्त इशारा देतो. निदान पशुवैद्यकानेच करायचं. पट्टा नसेल, तरी दुपारी निवांत बसलेल्या गाई मोजा. त्यातल्या निम्म्याहून जास्त रवंथ करताना दिसायला हव्यात!

#दुग्धव्यवसाय #पशुपालन