तळाचा पत्ता

इको साउंडरला खोली कळत नाही, त्याला कळतो वेळ. बोटीच्या पोटाशी बसवलेला ट्रान्सड्यूसर पाण्यात आवाजाची एक टिचकी मारतो आणि ती तळावर आपटून परत येईपर्यंतचा काळ मोजतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. हाक दोन सेकंदांनी परतली, तर एक सेकंद जाण्याचा, एक येण्याचा. खोली १५०० मीटर. शाळकरी पोरालाही जमेल असा हिशेब. गोची आहे ती त्या 'सुमारे'त.

आधी दोरी होती. दोन्ही हात पसरून मापलेली दोरी म्हणजे एक वाव, साधारण सहा फूट. कोळ्यांच्या तोंडी हे माप आजही आहे. युरोपीय जहाजांवर दोरीच्या टोकाला शिसं बांधत आणि त्याच्या बुडाच्या खाचेत चरबी भरत. खाली वाळू आहे की चिखल, हे तिला चिकटून वर येई. शिसं तळाला हात लावून येत असे. यंत्राने ते सुख सोडलं आणि वेग कमावला. 'चॅलेंजर' जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभर फिरून दोरीने खोल समुद्राची जेमतेम ५०० मापं घेतली. १९२५ ते १९२७ मध्ये जर्मनांच्या 'मेटेओर'ने प्रतिध्वनीवरून एकट्या दक्षिण अटलांटिकात ६७ हजारांच्या घरात घेतली. मधल्या काळात, १९१२ साली, 'टायटॅनिक' बुडाली होती. अलेक्झांडर बेम हा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आवाजाने हिमनग हुडकायला निघाला. प्रतिध्वनी चांगला आला तो तळाकडून. पेटंट १९१३ चं.

तर, 'सुमारे'. पाणी तापलं, खारट झालं किंवा दाब वाढला की आवाजाचा वेग वाढतो. पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी खाडीत उतरलं की कालचा आकडा आज चालत नाही. म्हणून सर्वेक्षक काम सुरू करण्याआधी ट्रान्सड्यूसरखाली एक पट्टी खुणांच्या साखळीने सोडतात आणि यंत्र तेवढीच खोली दाखवतंय का, ते पाहतात. याला 'बार चेक' म्हणतात. दोरीची नोकरी गेली खरी, पण परीक्षक म्हणून ती परत आलीच.

आणि तळ म्हणायचं कशाला? गाळाच्या बंदरात वरचा चिखल ताकासारखा पातळ असतो. २०० किलोहर्ट्झचा बारीक आवाज त्याच्या सायीवरूनच परततो, ३३ किलोहर्ट्झचा जाड आवाज आत शिरून घट्ट थराला भेटतो. एकाच जागी दोन तळ! गाळ काढणाऱ्याचं बिल कुठल्या रेषेवरून करायचं, हे यंत्र सांगत नाही.

१९४२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या समुद्रात तर भलत्याच ठिकाणी, शेकडो मीटर खोलीवर, एक 'तळ' दिसू लागला. तीन वर्षांनी सागरी जीवशास्त्रज्ञ मार्टिन जॉन्सन यांनी दाखवून दिलं, की तो संध्याकाळी वर येतो आणि पहाटे खाली जातो. खरा तळ काही रात्री जेवायला वर येत नाही. ती होती जिवांची दाटी.

आज मच्छीमार बोटींवरचा फिश फाइंडर नेमका हाच गोंधळ कामाला लावतो. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून आवाज जोरात उलटतो आणि पडद्यावर खूण उमटते. मुशीला ती पिशवीच नसते. ती पडद्यावर फिकी पडते.