सावजीची तर्री आणि वजनकाटा

यवतमाळात वाढदिवस असो की पोरांचा निकाल, घरच्यांचा कौल बहुतेक सावजी जेवणालाच! ही चव मूळची नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरची. ही चव मूळची नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरची. वजन वाढवतो तो झणझणीत मसाला नव्हे, वर तरंगणारी तेलाची तर्री. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, तेवढ्याच प्रथिनांत ४. मोठा चमचाभर तेल पोटात गेलं की सुमारे १२० कॅलरी जमा.

म्हणून वाटी समोर आली की दोन मिनिटं ढवळू नका. तेल वर आलं की चमच्यानं कडेकडेनं काढून रिकाम्या वाटीत घ्या. (वाढपी विचित्र नजरेनं बघतो, बघू द्या.) खालचा रस्सा तरीही घाम फोडतोच! मटण खा, चरबीचे तुकडे बाजूला सारा. बटर रोटीऐवजी ज्वारीची भाकर मागा, भात शेवटी दोन घास. कांदा-लिंबू हवं तेवढं. आणि दिवसभर उपाशी राहून जाऊ नका, मग ताटावर ताबा राहत नाही.

खरी गोम कोल्ड्रिंकमध्ये आहे. तिखट लागलं की हात बाटलीकडे जातो, अन् २५० मिली कोलात साखर २५ ग्रॅमच्या वर. ताक मागवा, बिनसाखरेचं.