अंगणातली रांगोळी फोटोशॉपमध्ये : स्वतःचा नक्षीचा ब्रश कसा बनवायचा?

गुढीपाडव्याच्या शुभेच्छा असोत, हळदीकुंकवाचं आमंत्रण असो की गावच्या यात्रेचं पोस्टर, व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या दहांपैकी आठ चित्रांना तीच महिरप आणि कोपऱ्यात तेच मोरपीस असतं. कारण सगळ्यांनी तेच फुकटचे नमुने उतरवून घेतलेले असतात. खरं तर वेगळी नक्षी मिळवायला मोठा चित्रकार असावं लागत नाही. फोटोशॉप किंवा गिम्पमध्ये स्वतःचा ब्रश बनवायला अर्धा तास पुरतो.

ब्रश म्हणजे नेमकं काय?

या सॉफ्टवेअरमधला ब्रश म्हणजे खरं तर शिक्का. तुम्ही माउस ओढता तेव्हा तोच शिक्का ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा उमटत जातो. अंतर फार कमी असेल तर सलग रेघ दिसते, वाढवलं की नक्षी सुटी सुटी दिसते. बाजारात रांगोळीची भोकं पाडलेली नळी मिळते. ती जमिनीवर फिरवली की वेलबुट्टी उमटत जाते. तत्त्व तेच.

हा शिक्का रंग साठवत नाही, फक्त गडद-फिका भाग लक्षात ठेवतो. काळा भाग पूर्ण उमटतो, पांढरा अजिबात उमटत नाही, करडा अर्धवट उमटतो. रंग कोणता, हे तुम्ही रंगवताना ठरवता. बहुतेकांचं पहिल्यांदा इथेच चुकतं. गेरूने सारवलेल्या जमिनीवरच्या पांढऱ्या रांगोळीचा फोटो तसाच वापरला, तर रांगोळीऐवजी जमीन उमटते! त्यासाठी फोटो आधी उलटा, म्हणजे 'इन्व्हर्ट' करावा लागतो.

नक्षी कुठून आणायची?

आपल्या आजूबाजूला भरपूर आहे. मुळशीत असाल तर आंबेमोहोर भाताची एक लोंबी खाचरातून आणून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि सावली पडणार नाही अशा उजेडात वरून फोटो काढा. आंब्याचं पान, शेवंतीचं फूल, जुन्या साडीच्या काठावरची कोयरी हेही चालतं.

सगळ्यात मोठा खजिना म्हणजे चैत्रांगण. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत दारात काढल्या जाणाऱ्या या रांगोळीत गोपद्म, शंख, चक्र, कमळ, स्वस्तिक, सूर्य-चंद्र, तुळशीवृंदावन, कासव अशी कितीतरी चिन्हं असतात. घरातल्या आजीकडून ती काळ्या स्केचपेनने पांढऱ्या कागदावर काढून घ्या. प्रत्येक चिन्हाचा एक ब्रश होईल. अंगणातली रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसते, पण तिच्या हाताचं वळण या फाइलमध्ये राहील.

फोटोशॉपमध्ये

1. फोटो उघडून 'डीसॅच्युरेट'ने रंग काढून टाका. रांगोळी पांढरी असेल तर कंट्रोल आणि आय दाबून चित्र उलटं करा.
2. 'लेव्हल्स'मध्ये जाऊन पार्श्वभूमी शुभ्र आणि नक्षी काळी करा. पार्श्वभूमीत करडेपणा उरला तर प्रत्येक शिक्क्याभोवती चौकोनी डाग दिसेल.
3. नक्षीभोवती चौकोनी सिलेक्शन करा.
4. 'एडिट' मेनूतील 'डिफाइन ब्रश प्रीसेट' निवडा आणि नाव द्या. ब्रश तयार.

मूळ चित्र मोठं घ्या, साधारण 1,000 ते 2,000 पिक्सेल. ब्रश लहान केला तर चालतं, पण मूळ आकारापेक्षा मोठा केला की धूसर होतो.

गिम्पमध्ये

गिम्प फुकट मिळतं. चित्राचा मोड 'ग्रेस्केल' करा, 'लेयर' मेनूतील 'ट्रान्सपरन्सी'मधून अल्फा चॅनल काढा, नक्षी सिलेक्ट करून कॉपी करा आणि 'एडिट' मेनूतील 'पेस्ट अॅज'मधून 'न्यू ब्रश' निवडा.

काठ काढताना

ब्रश बनवून थांबलात तर फक्त शिक्के मारता येतील. खरी गंमत पुढे आहे. फोटोशॉपमध्ये एफ 5 दाबा. 'स्पेसिंग' 100 टक्क्यांच्या आसपास ठेवा, म्हणजे शिक्के एकमेकांवर चढणार नाहीत. मग 'शेप डायनॅमिक्स'मध्ये कोनाचा कंट्रोल 'डिरेक्शन'वर ठेवा. आता नक्षी रेघेच्या दिशेप्रमाणे वळेल. गिम्पमध्ये 'ट्रॅक डिरेक्शन' हे डायनॅमिक्स निवडा. सरळ काठासाठी एका टोकाला क्लिक करा आणि शिफ्ट दाबून दुसऱ्या टोकाला क्लिक करा.

एक युक्ती लक्षात ठेवा. चौकटीभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गेलात तर चारही बाजूंना नक्षीचा वरचा भाग बाहेर राहतो. उलट दिशेने गेलात तर तो आत येतो. लोंब्या बाहेर डोलायला हव्यात की आत, ते तुम्ही ठरवा. मात्र काम नेहमी वेगळ्या लेयरवर करा, म्हणजे चुकलं तर पुसता येईल.

विखुरलेल्या पाकळ्या हव्या असतील तर 'स्कॅटरिंग' वाढवा आणि आकार व कोनाचा 'जिटर' थोडा ठेवा. निसर्गात कुठलीही दोन पानं सारखी नसतात, त्यामुळे एवढ्याने चित्र जिवंत वाटतं.

कुणाचं काय घ्यायचं?

गोपद्म किंवा स्वस्तिक ही कुणा एकाची मालमत्ता नाही. ते तुम्ही स्वतः काढलं की त्या चित्राचा हक्क तुमचा. पण कुणाचं तरी चित्र किंवा फोटो इन्स्टाग्रामवरून उचलून त्याचा ब्रश करणं ही वेगळी गोष्ट आहे. भारतीय कायद्यात चित्राचा कॉपीराइट कलाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे 2018 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क 2078 अखेरपर्यंत टिकेल. चित्र जुन्या परंपरेतलं दिसतं म्हणून ते मोकळं असतंच असं नाही. लोंबीचा फोटो मात्र स्वतः काढलात, तर कुणाला विचारायची गरज नाही.

शेवटी ब्रश 'एक्स्पोर्ट' करून त्याची फाइल जपून ठेवा. कॉम्प्युटर बदलला तरी ती नव्या ठिकाणी चालेल. आणि पुढच्या पाडव्याला घरच्या ग्रुपवर शुभेच्छा पाठवाल, तेव्हा काठ पाहूनच कुणीतरी विचारेल, ही रांगोळी आपल्या आजीची ना?